घाटाखालचे गाव



बुलढाणा जिल्ह्याचे नाव काढले की लोक लोणारचे सरोवर, जिजाऊंचे सिंदखेडराजा किंवा शेगाव यांची आठवण काढतात. रोहिणखेडचे नाव सहसा कोणी घेत नाही. मोताळा तालुक्यातले हे एक लहान गाव. शेतीवर जगणारे, सोयाबीन-कपाशीचे भाव आणि पावसाचा अंदाज यांची चर्चा करणारे, आपल्यापैकी अनेकांच्या गावासारखेच एक गाव. परंतु इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत या गावाचे नाव ‘रोहनखेड’ असे दोन ठिकाणी ठळकपणे आले आहे. दोन्ही वेळी ते लढाईच्या निमित्ताने आले आहे, आणि दोन्ही लढायांचे मूळ एका घरातल्या भांडणात आहे.

आज या गावाचा भूगोल आणि इतिहास आपण थोडा समजून घेऊ या. पवित्र शास्त्रातही देव लहान गावांकडे विशेष लक्ष देतो. यहूदाच्या गावांमध्ये अगदी लहान गणले गेलेले बेथलेहेम त्याने निवडले. जुन्या करारात ज्याचा एकदाही उल्लेख नाही त्या नाझरेथात त्याचा पुत्र तीस वर्षे राहिला. तेव्हा एखाद्या लहान गावाकडे निरखून पाहिले, तर देव आपल्याशी काही बोलेल अशी आशा धरायला हरकत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गाने दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच प्रदेश तो बालाघाट आणि डोंगर उतरल्यावर पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला काळ्या मातीचा सपाट प्रदेश तो पायनघाट. बुलढाणा शहर वर आहे. राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघाले की आपण पायनघाटात येतो. रोहिणखेड या दोहोंच्या सीमेवर, अगदी डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे.

या डोंगराची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा अशा नद्यांतून पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. याच डोंगराळ भागात उगम पावणारी पैनगंगा मात्र दुसऱ्या बाजूने निघते, वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीला जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, पण मधे एक कडा आली की एक पश्चिमेला जातो आणि दुसरा पूर्वेला. एका आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांचेही कधी कधी असेच होते. सुरुवातीला अंतर फक्त हातभर असते.

डोंगर म्हटला की घाट आला. उत्तरेकडे खानदेशातले बुऱ्हाणपूर आणि दक्षिणेकडे जालना, दौलताबाद, अहमदनगर. या दोन मुलखांमध्ये जाणाऱ्या फौजांना डोंगर ओलांडावाच लागे आणि त्यासाठी रोहिणखेडचा घाट ही एक सोयीची वाट होती. ज्याच्या ताब्यात घाट, त्याच्या ताब्यात पुढचा मुलूख. गावकऱ्यांनी कोणाशी वैर केले नव्हते. परंतु त्यांचे गाव वाटेवर होते, आणि दुसऱ्यांच्या भांडणात भरडले जाण्यासाठी तेवढे कारण पुरेसे होते.

पहिली लढाई : सासरा आणि जावई

पहिली लढाई १४३७ साली झाली. त्या वेळी वऱ्हाडावर बिदरच्या बहमनी सुलतानाचे राज्य होते. सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद एक वर्षापूर्वी गादीवर आला होता. त्याची बेगम ही खानदेशचा राजा नासिरखान फारुकी याची मुलगी. दोन राज्यांत सलोखा राहावा म्हणून हे लग्न लावण्यात आले होते. पुढे कोकणातल्या मोहिमेत संगमेश्वरच्या राजाची मुलगी सुलतानाच्या जनानखान्यात आली आणि तिच्यावर त्याची मर्जी बसली. पहिल्या बेगमेचा मान गेला. तिने बापाला कळविले. नासिरखान संतापला आणि फौज घेऊन वऱ्हाडात शिरला.

इतिहासकार सांगतात की कारण एवढेच नव्हते. गुजरातच्या सुलतानाचा नासिरखानाला पाठिंबा होता आणि वऱ्हाडातले काही सरदारही बहमनी राज्यावर नाराज होते. तरीही ठिणगी घरातलीच होती. सुलतानाने आपला सेनापती खलफ हसन याला पाठविले. मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, अशी पदवी मिळालेला हा मूळचा बसऱ्याचा मनुष्य. त्याने रोहिणखेडजवळ नासिरखानाचा पराभव केला, बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले आणि नासिरखानाला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी तो मरण पावला.

त्या मुलीचे दुःख खरे होते, हे आपण विसरू नये. तिचा अपमान झाला होता आणि तिने आपल्या बापाला सांगितले यात तिचे काही चुकले नाही. प्रश्न असा आहे की त्या दुःखाचे पुढे काय करण्यात आले? कोणी तिच्याजवळ बसून तिचे ऐकले का? कोणी जावयाला चार शब्द समजावून सांगितले का? तिच्या अश्रूंचे निमित्त झाले, पुरुषांनी आपले जुने हिशेब काढले आणि ज्या गावाचा या लग्नाशी काहीही संबंध नव्हता त्या गावाच्या शिवारात माणसे मेली. युद्ध संपल्यावर तिचा बाप मेला होता आणि माहेर लुटले गेले होते. तिला हवा होता तो मान मात्र युद्धाने परत आणला नाही.

दुसरी लढाई : बाप आणि मुलगा

दीडशे वर्षांनी, १५९०-९१ च्या सुमारास, याच ठिकाणी दुसरी लढाई झाली. ही आणखी दुःखदायक आहे, कारण या वेळी समोरासमोर होते ते बाप आणि मुलगा.

अहमदनगरच्या निजामशाही घराण्यात त्या काळी मोठा अनर्थ चालू होता. १५८८ साली सुलतान मुर्तझा याला त्याच्याच मुलाने, हुसेनने, ठार करविले. वर्षभरात हुसेनचाही खून झाला. मुर्तझाचा भाऊ बुऱ्हाण हा पूर्वीच पळून अकबर बादशहाच्या आश्रयाला गेला होता, पण त्याचा कोवळा मुलगा इस्माईल दक्षिणेत होता. दरबारातल्या जमालखान नावाच्या सरदाराने या मुलालाच गादीवर बसविले आणि कारभार आपल्या हाती घेतला. ही बातमी ऐकून बाप परत निघाला. आपला मुलगा राजा झाला याचा आनंद मानण्यासाठी नव्हे, तर त्याची गादी घेण्यासाठी.

खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन बुऱ्हाण दक्षिणेकडे आला. जमालखान इस्माईलला बरोबर घेऊन त्याला अडवायला निघाला. रोहिणखेडला गाठ पडली. जमालखान मारला गेला, इस्माईल पकडला गेला आणि बापाने मुलाला कैदेत टाकले. बुऱ्हाण निजामशहा या नावाने तो गादीवर बसला. पण ती गादी त्याला किती वर्षे लाभली? १५९५ साली तो वारला. पुढच्याच वर्षी, १५९६ साली, चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना देऊन तह करावा लागला. ज्या मुलखात बापाने मुलाला हरविले तो मुलूखच घराण्याच्या हातून गेला.

हे वाचताना आपल्याला दावीद राजा आणि अबशालोम यांची आठवण होते. अबशालोमानेही बापाविरुद्ध बंड केले. पण दाविदाने युद्धाला निघालेल्या सेनापतींना सर्वांदेखत विनविले होते की माझ्या मुलाला सांभाळून घ्या. मुलगा मेल्याची बातमी आली तेव्हा जिंकलेला राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन रडू लागला आणि विजयाचा दिवस शोकाचा दिवस झाला. बाप म्हणून दाविदाच्या हातून अनेक गोष्टी चुकल्या होत्या. तरीही मुलगा आधी आणि राज्य नंतर, हे त्याच्या हृदयाला शेवटी कळले. रोहिणखेडच्या लढाईत हे कोणाला कळल्याचे दिसत नाही.

दगडात राहिलेली प्रार्थना

त्या काळाची एक खूण रोहिणखेडमध्ये आहे. ती म्हणजे १५८२ साली खुदावंदखानाने बांधलेली दगडी मशीद. इमारत लहान, पण देखणी. खुदावंदखान हा जमालखानाच्याच महदवी पंथाचा. मशीद उभी राहिली आणि आठ-नऊ वर्षांत त्याच गावाजवळ जमालखान मारला गेला.

ती वास्तू आपल्या धर्माची नाही. तरीही तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. ज्या मुलखात सेनापती आले, लढले आणि गेले, तिथे त्यांच्या विजयाचे काही उरले नाही. तलवारी गंजल्या, तंबू उठले, घराणी संपली. उरली ती देवापुढे कपाळ टेकण्यासाठी कोणीतरी रचलेली दगडांची जागा, आणि उरले गाव. फौजा गेल्यावर कोणीतरी पुन्हा विहिरीवर गेले असेल, तुडविलेले शेत पुन्हा नांगरले असेल, चूल पेटविली असेल. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण गाव टिकले ते त्यांच्यामुळे. पुढे वऱ्हाड मोगलांकडून निजामाकडे, १८५३ साली इंग्रजांकडे आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, पण पेरणी दरवर्षी होत राहिली. नावे न उरलेली ही माणसे देवाच्या पुस्तकात नक्कीच लिहिलेली आहेत, असे आम्ही मानतो.

परक्यांसाठी वसलेले गाव

आता याच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका गावाकडे पाहू या. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत तेथे एक छोटे पोलिश गावच वसले होते.

दुसरे महायुद्ध १९३९ साली पोलंडवर झालेल्या हल्ल्याने सुरू झाले. पश्चिमेकडून हिटलरचे सैन्य आले आणि पूर्वेकडून स्टालिनचे. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना, अगदी लहान खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबांनाही, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, भूक आणि रोगराई यांनी असंख्य माणसे मेली. १९४१ साली त्यांची सुटका झाली आणि १९४२ साली त्यातली हजारो माणसे इराणपर्यंत पोहोचली. आता त्यांना ठेवायचे कोठे? तेव्हा जामनगरच्या जामसाहेबांनी अनाथ मुलांसाठी बालाचडी येथे दार उघडले, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

हे लोक आपल्याच कॅथलिक श्रद्धेचे होते. पंचगंगेच्या परिसरात त्यांनी चर्च उभारले, शाळा चालविल्या, सण साजरे केले. त्यांच्यापैकी काही जण कोल्हापूरच्या मातीतच चिरनिद्रा घेत आहेत. युद्धानंतर बाकीचे निरनिराळ्या देशांत गेले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीमुळे घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित राहायला आले आणि त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले. एका निर्वासिताने सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या निर्वासिताने डोके टेकले.

वळिवड्यातली ती मुले पुढे म्हातारी झाली, पण त्यांनी कोल्हापूर विसरले नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्या स्मारकाला भेट दिली, तेव्हा ही गोष्ट अनेकांना नव्याने कळली.

बंधू-भगिनींनो, दोन गावे आपल्या डोळ्यांपुढे आहेत. एकाच्या नावावर दुसऱ्यांची कौटुंबिक भांडणे लिहिली गेली. दुसऱ्याच्या नावावर परक्यांना दिलेला आसरा लिहिला गेला. भांडणारे एका रक्ताचे होते, पण एका दरबारात मावले नाहीत. आसरा मागणारे हजारो मैलांवरचे होते, भाषा वेगळी, वर्ण वेगळा, जेवण वेगळे, तरी त्यांना जागा झाली. जागा होणे न होणे हे घराच्या लांबी-रुंदीवर अवलंबून नसते.

पोलंडच्याच ग्वोगोव्हिएत्स नावाच्या लहान खेड्यात १९०५ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी दहा भावंडांतली तिसरी मुलगी जन्मली. तिचे शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. घरकामाला जाणारी ही मुलगी पुढे व्रतस्थ झाली आणि १९३८ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी क्षयाने वारली. पुढच्याच वर्षी तिच्या देशावर युद्ध कोसळले. तीच संत फॉस्तिना. देवाच्या दयेचा संदेश तिच्यामार्फत जगभर गेला आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले. आज त्या खेड्याचे नाव दयेशी जोडले गेले आहे. कोणतेही गाव कशामुळे ओळखले जाईल हे तेथील एखाद्या साध्या माणसावरही ठरू शकते.

आपले धर्मग्राम

आपल्या मराठीत आपण ‘पॅरिश’ला धर्मग्राम म्हणतो. शब्द किती सुंदर आहे! आपणही एक गावच आहोत. मग आपल्या गावाच्या नावावर काय लिहिले जात आहे?

आज आपल्याकडे फौजा नाहीत, पण घाट आहेत. बापाच्या मागे राहिलेली दोन एकर जमीन, सातबाऱ्यावरचे एक नाव, सामाईक विहिरीतले पाणी, घराच्या मधोमध घातलेली भिंत, लग्नात न मिळालेला मान. एकाच चर्चच्या दोन बाजूंच्या बाकांवर बसणारे सख्खे भाऊ आपण सर्वांनी पाहिले आहेत. शांतीचे चिन्ह देताना मान दुसरीकडे वळविणारे हात पाहिले आहेत. सासूच्या मयताला न गेलेली सून आणि भावाच्या लग्नाला न बोलावलेली बहीणही आपल्याला माहीत आहे. कोर्टातल्या तारखा वीस-वीस वर्षे चालतात. जमीन असते तेवढीच राहते, आयुष्य मात्र कमी होत जाते.

अशा वेळी एक विचार जरूर करावा. मोठ्यांच्या भांडणात रोहिणखेड कोण असते? घरातली मुले. त्यांनी भांडण मागितलेले नसते. ती फक्त वाटेवर असतात. काकांच्या घरी जायचे नाही, चुलत भावाबरोबर खेळायचे नाही, आजीने दिलेला लाडू घ्यायचा नाही, असे त्यांना सांगितले जाते. का, ते त्यांना कळत नाही. मोठ्यांच्या फौजा त्यांच्या कोवळ्या मनावरून जातात आणि मोठ्यांना वाटते की आपण फक्त आपला हक्क सांगत आहोत.

हक्क सांगूच नये असे प्रभू म्हणत नाही. अन्याय झाला असेल तर तो बोलून दाखविलाच पाहिजे. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या भगिनीला ‘सहन कर’ एवढेच सांगणे हा ख्रिस्ती उपदेश नव्हे. तिला संरक्षण मिळाले पाहिजे. परंतु न्याय मागणे वेगळे आणि सूड घेणे वेगळे. न्याय मागणाऱ्याला भांडण संपवायचे असते. सूड घेणाऱ्याला ते चालूच ठेवायचे असते.

पवित्र शास्त्रात याला दोन वाटा दाखविल्या आहेत. अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांमध्ये चराईवरून तंटे होऊ लागले, तेव्हा अब्राहामाने काय केले? तो वडीलधारा होता, पहिला हक्क त्याचा होता. तरी त्याने लोटाला आधी निवडायला सांगितले. लोटाने पाण्याची, हिरवीगार जमीन घेतली. अब्राहामाकडे डोंगराळ भाग राहिला, आणि देवाचे अभिवचन त्यालाच मिळाले. दुसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. एका शोमरोनी गावाने प्रभूला जागा नाकारली. याकोब आणि योहान इतके रागावले की आकाशातून अग्नी पाडून ते गाव जाळावे असे त्यांना वाटले. प्रभूने त्यांना धमकावले आणि ती सर्व मंडळी दुसऱ्या गावाला गेली. प्रभूच्या रागाखातर एकही गाव जळाले नाही. उलट, त्याच योहानाला पुढे आपण प्रेमाचा प्रेषित म्हणून ओळखू लागलो.

एकाने हक्क असून पाऊल मागे घेतले, दुसऱ्याने अपमान गिळून वाट बदलली. दोघांपैकी कोणीही लहान झाला नाही.

या आठवड्यासाठी

आपल्या प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात एक छोटे काम करावे, असे आम्ही सुचवितो. रात्रीच्या रोझरीनंतर सर्वांनी मिळून विचारावे : ज्यांच्याशी आपले बोलणे बंद आहे असे घर कोणते? त्या घरातल्या माणसांची नावे घेऊन एक ‘नमो मरिये’ म्हणावी. जमल्यास कोणी तरी एकाने पहिले पाऊल टाकावे. मोठा निरोप नको, जुना हिशेब नको. ‘कसे आहात?’ एवढे पुरे. ज्यांना स्वतःहून जाणे कठीण वाटते त्यांनी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा धर्मगुरूंना मध्यस्थी करायला सांगावे. त्यात कमीपणा नाही. १४३७ साली त्या सासऱ्या-जावयांमध्ये बसणारे एखादे शहाणे माणूस असते, तर रोहिणखेडच्या शेतांत त्या वर्षी फक्त ज्वारी उभी राहिली असती.

आणि मुलांना मधे घालू नये. भांडण मिटायला वेळ लागत असेल तर लागू द्या, पण तोवर चुलत भावंडांना एकमेकांबरोबर खेळू द्या. कदाचित तीच एके दिवशी आपल्याला हाताला धरून त्या दारापर्यंत नेतील.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नाझरेथसारख्या लहान गावात राहिलास आणि आमची घरे, आमच्या विहिरी, आमची शेते तुला ठाऊक आहेत. आमच्या कुटुंबांतली जुनी भांडणे तुझ्या क्रुसाखाली ठेवण्याची आम्हांला बुद्धी दे. ज्यांचा अपमान झाला आहे त्यांना न्याय दे, ज्यांनी तो केला आहे त्यांना पश्चात्ताप दे आणि मोठ्यांच्या वैरात सापडलेल्या सर्व मुलांना आपल्या जवळ घे. आज युद्धामुळे गाव सोडून निघालेल्या जगातल्या सर्व माणसांना एखादे वळिवडे मिळू दे. आमच्या धर्मग्रामाच्या नावावर दया लिहिली जावो. आमेन.